उलटणारी जखम : कण्याला इजा झालेल्या माणसाची निगा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा शिक्षणावरच मी चार शब्द लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक आपल्यात आहेत. मी मुद्दाम असा विषय निवडला आहे की, जो शाळेत शिकविला जात नाही, दवाखान्यात घाईगर्दीत सांगितला जातो, आणि घरी मात्र वर्षानुवर्षे सोसावा लागतो. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले आहे, त्यांना होणारी, भरून येणारी आणि पुन्हा पुन्हा उलटणारी जखम हा तो विषय होय.

मी डॉक्टर नव्हे. पुढे जे लिहिले आहे ते काही डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून समजून घेतलेले, काही वाचलेले आणि बरेचसे घरात पाहिलेले आहे. त्यातील एक धडा मी स्वतःच्या चुकीने शिकलो. ती चूकही योग्य ठिकाणी सांगणार आहे.

मज्जारज्जू तुटला म्हणजे काय हरवते?

मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांमधील पोकळीतून खाली उतरणारा, साधारण करंगळीएवढ्या जाडीचा जो मऊ दोर असतो, त्याला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूची आज्ञा अवयवांकडे आणि अवयवांची हाक मेंदूकडे याच वाटेने जाते. झाडावरून किंवा छपरावरून पडल्याने, रस्त्यावरील अपघाताने अथवा एखाद्या रोगाने हा दोर दुखावला म्हणजे त्या जागेच्या खाली आज्ञा पोहोचत नाही आणि खालची हाक वर येत नाही. पाय चालत नाहीत, हे सर्वांना दिसते. परंतु पाय दुखतही नाहीत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि खरा धोका तिथेच आहे.

वाचकहो, हा लेख वाचता वाचता तुम्ही दोन-तीनदा तरी बूड हलविले असेल. ते तुम्ही ठरवून केलेले नाही. एका जागी दाब बसला, तेथील मांसाला रक्त कमी पडू लागले, त्याने तक्रार केली आणि तुम्ही नकळत कूस बदलली. आपण गाढ झोपेतही रात्रभर असेच वळत असतो. वर्गात मुले चुळबुळ करतात म्हणून आम्ही शिक्षक त्यांच्यावर रागावतो. पण ती चुळबुळ म्हणजे शरीराने स्वतःचे केलेले रक्षण असते. ज्याचा मज्जारज्जू दुखावला त्याची चुळबुळ थांबते. बाभळीचा काटा टोचला तरी त्याला कळत नाही आणि सहा तास एकाच हाडावर बसला तरी कळत नाही.

जखम कशी होते?

या जखमेला पुस्तकांत शय्याव्रण म्हणतात आणि बोलताना आपण बेडसोर म्हणतो. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत. त्यांवरून असे वाटते की, रोगी बिछान्यातून उठून खुर्चीत बसू लागला म्हणजे संकट टळले. वस्तुतः ही जखम बिछान्याने होत नाही, दाबाने होते. म्हणून तिला दाबव्रण म्हणणे अधिक योग्य. उताणे निजणाऱ्याला ती माकडहाडाच्या वर व टाचांवर होते, कुशीवर निजणाऱ्याला खुब्यावर व घोट्यावर होते, आणि चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याला बैठकीच्या दोन हाडांखाली होते. जिथे हाड वर आलेले आणि मांस थोडे, तिथे तिची जागा ठरलेली.

एक सोपा प्रयोग करा. अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबून धरा. नख पांढरे पडते, कारण खालच्या बारीक केशवाहिन्यांतील रक्त बाजूला सारले जाते. बोट काढताच गुलाबी रंग परत येतो. केशवाहिनीच्या सुरुवातीच्या टोकाशी रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका असतो, असे लँडिस या संशोधकाने १९३० साली मोजून दाखविले. कठीण आसनावर बसलेल्या माणसाच्या बैठकीच्या हाडांखालील दाब १०० मिलिमीटरच्या पुढे सहज जातो. म्हणजे बसल्या क्षणापासून तेथील रक्ताची वाट अडते. ती किती वेळ अडून राहते, यावर सारे अवलंबून. कोसियाक या डॉक्टरांनी १९५९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, मोठा दाब थोडा वेळ आणि लहान दाब पुष्कळ वेळ, हे दोन्ही सारखेच घातक असतात. परंतु दाब मधूनमधून उचलला तर मांस वाचते. शाळेच्या मैदानात गवतावर पडलेली वीट त्याच दिवशी उचलली तर गवत पुन्हा उभे राहते, महिन्याने उचलली तर खाली पिवळी माती दिसते. तसाच हा प्रकार आहे.

दाबाला आणखी दोन सोबती आहेत. एक ओल. लघवी, शौच किंवा घाम यांनी भिजलेले कातडे नरम होते व लवकर सोलते. दुसरी आतली ओढ. खाटेची डोक्याकडील बाजू उंच करून रोग्याला टेकवून बसविले की, शरीर हळूहळू खाली घसरते. कातडे चादरीला चिकटून राहते आणि आतील हाड खाली सरकते. त्या ताणाने बारीक रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हाडालगतचे मांस कातड्यापेक्षा नाजूक असते आणि दाबाचा जोर हाडापाशीच सर्वांत अधिक. म्हणून पुष्कळदा नाश आतून बाहेर येतो. वर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत वाटीएवढा खड्डा तयार झालेला असू शकतो. जो बाहेरच्या आकारावरून आतले अनुमान करतो तो फसतो.

नशीब की दाब?

एके काळी थोर वैद्यांनाही हे व्रण अटळ वाटत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील शार्को या नामवंत मज्जातज्ज्ञांचे मत असे होते की, मज्जासंस्थेच्या बिघाडामुळेच मांस कुजते आणि असा व्रण मृत्यूची चाहूल असतो. त्याआधीच, १८५३ साली, ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने मज्जारज्जू कापलेल्या गिनीपिगांना दाबापासून जपले व स्वच्छ, कोरडे ठेवले तर व्रण होत नाहीत, असे दाखविले होते. परंतु त्या शोधाचा लाभ रोग्यांना मिळण्यास फार काळ जावा लागला. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक व्रण आणि मूत्रमार्गातील दोष यांनीच दगावले.

हे चित्र ज्यांनी पालटले त्यांत डॉ. लुडविग गुटमन यांचे नाव अग्रभागी आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेविल येथे त्यांनी कण्याच्या रोग्यांसाठी खास विभाग सुरू केला. त्यांचा पहिला नियम अगदी साधा होता : प्रत्येक रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, दिवसा आणि रात्रीही. या एका नियमाने जे रोगी पूर्वी मरण्यासाठी कोपऱ्यात ठेवले जात ते जगू लागले. १९४८ साली गुटमन यांनी त्याच ठिकाणी सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिक सामन्यांचे मूळ ते.

आपल्या देशातील एक उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांचे कमरेखालचे अंग १९५४ मधील मोटार अपघाताने लुळे झाले. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे १९६६ मध्ये वेल्लोर येथे अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. त्यांचे मार्गदर्शक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांविषयी जे सिद्ध केले ते आपल्या विषयाला जसेच्या तसे लागू पडते. कुष्ठरोग्याची बोटे व पाय आपोआप झडतात, त्याचे मांसच वाईट असते, असे लोक समजत. ब्रँड यांनी दाखविले की, मांस चांगलेच असते. वेदना नसल्यामुळे रोगी त्याच जागेवर पुन्हा पुन्हा इजा करून घेतो. इजा थांबवा, मांस भरून येते. कण्याच्या रोग्याचे कातडेही शापित नसते. फक्त त्याच्या वतीने तक्रार करणारे कोणी राहिलेले नसते.

एका घरातील तीन जखमा

माझा एक मावसभाऊ खानापूर तालुक्यात राहतो. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. २०११ च्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी कौले परतताना तो छपरावरून खाली पडला. जीव वाचला, हात शाबूत राहिले. कमरेपासून खाली सर्व गेले.

पहिली जखम त्याच वर्षी माकडहाडावर झाली. खालाने रात्रीचा दिवस केला होता. पण गाढ झोपलेल्या मुलाला मध्यरात्री उठवून वळवायचे तिच्या जिवावर येई. "त्याला जरा झोप लागली आहे, निजू द्या," असे ती म्हणे. त्या मायेनेच जखम केली. पाच महिन्यांनी ती भरली. सर्वांनी समाधानाचा श्वास सोडला आणि जखम हा विषय घरातून संपला.

दुसरी जखम २०१५ मध्ये डाव्या बैठकीच्या हाडाखाली झाली. त्याने घड्याळे व मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले होते आणि ते चांगले चालू लागले होते. रमजान आणि दिवाळी या दोन्ही सणांत तो सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत खुर्चीत असे. खुर्चीवरील स्पंजाची गादी तीन वर्षांची होऊन पापडासारखी चपटी झाली होती. ती कोणी हाताने दाबून पाहिली नाही. बाहेर लहानसा फोड, आत हाडापर्यंत पोकळी. शेवटी शेजारचे मांस व कातडे फिरवून तो खड्डा बुजविण्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

तिसरी जखम माझी आहे. ती शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे झाले होते. डॉक्टरांनी बसण्याचा वेळ हळूहळू वाढवीत दिवसातून दोनदा एकेक तासावर आणला होता. त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह निघाला. मी त्याला म्हणालो, "तू पाहुण्यांच्या स्वागताला बाहेर बसलास तर घराला शोभा येईल. एका दिवसाने काय होते?" तो हसून म्हणाला, "भाई, तुम्ही सांगाल तितका वेळ बसतो. मला कुठं दुखतंय!" येताजाताची मोटार धरून तो त्या दिवशी सात तास बसला. चौथ्या दिवशी शिवणीची जागा काळी पडली, आठव्या दिवशी उकलली. पुढे पाच महिने तो पालथा निजून होता. दुकान बंद पडले, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, मुलाच्या शाळेची फी थकली. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "मला कुठं दुखतंय" हे त्याचे बोलणे मी त्या दिवशी परवानगी समजलो. तो खरे म्हणजे धोक्याचा इशारा होता. पंचवीस मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय कळले नाही ते ओळखणारा मी शिक्षक, मला ते ओळखता आले नाही.

भरलेली जखम पुन्हा का उलटते?

आपली समजूत अशी की, खपली पडली म्हणजे जखम संपली. येथेच चूक होते. त्याची कारणे पुढीलप्रमाणे :

१. व्रणाच्या जागी आलेले कातडे मूळ कातड्याइतके मजबूत कधीच होत नाही. अनेक महिन्यांनंतरही त्याची ताकद मूळच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंतच पोहोचते. शिवाय ते खालच्या हाडाला चिकटते, सरकत नाही. म्हणून ओढ सहन करीत नाही.

२. लुळ्या भागातील स्नायू वर्षानुवर्षे झिजतात. हाड आणि आसन यांमधील नैसर्गिक गादी पातळ होत जाते. पहिल्या वर्षी जे आसन पुरले ते दहाव्या वर्षी पुरेलच असे नाही.

३. बसण्याची ढब एका बाजूस कललेली असते. एका बाजूचे हाड शस्त्रक्रियेत कापले असेल तर सारा भार दुसऱ्या बाजूवर जातो आणि नवी जखम तिकडे होते.

४. कधी कधी हाडात जंतुदोष दबून राहिलेला असतो. वरून कातडे मिटते, आतून पू साठत राहतो. तीच जागा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर हाडाची तपासणी करविणे अगत्याचे आहे.

५. अन्नातील कस कमी, रक्त कमी, मधुमेह, आणि विडी-सिगारेट. तंबाखूच्या धुराने रक्तवाहिन्या आकसतात. आधीच उपाशी असलेल्या मांसाला ते आणखी उपाशी ठेवते.

६. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आपली ढिलाई. जखम असते तेव्हा सारे घर जागे असते. जखम भरताच सारे घर झोपते.

येथे एका परदेशी नटाचे उदाहरण देतो. 'सुपरमॅन' या चित्रपटाने जगप्रसिद्ध झालेले क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेपासून खाली लुळे झाले. पैसा, डॉक्टर, परिचारिका कशाचीच त्यांना वाण नव्हती. तरीही २००४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जंतुदोष झालेल्या अशाच एका दाबव्रणावर त्यांचे उपचार चालू होते. म्हणून एखाद्या घरातील रोग्याला व्रण झाला की, "यांनी नीट केले नसेल" असे बोट दाखविणाऱ्यांनी जरा थांबावे. हा शत्रू श्रीमंताघरीही शिरतो. दोष देण्याने जखम लपविली जाते आणि लपविलेली जखम वाढते.

रोजचा पाठ

आता मुख्य गोष्ट. मलम, भुकटी किंवा महाग पट्टी यांपैकी काहीही दाब चालू असताना जखम बरी करू शकत नाही. औषध जखमेवर लागते; कारण मात्र आसनात, घड्याळात आणि नजरेत असते.

*पाहणे.* सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना, असे दिवसातून दोनदा कातडे पाहावे. लांब दांड्याचा आरसा मिळाला तर रोग्याने स्वतः पाहावे. न जमल्यास घरच्यांनी पाहावे किंवा मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्याला दाखवावे. लाल जागा बोटाने दाबून सोडावी. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. दाबूनही लाली हटत नसेल तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली असे समजावे. आपल्याकडील सावळ्या किंवा काळ्या कातड्यावर लाली नीट दिसत नाही. तेथे काळपट-जांभळी छटा, ऊब, सूज किंवा टणकपणा हाताने चाचपावा. असा डाग दिसताच त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा, आणि तो नाहीसा होईपर्यंत तिच्यावर बसू अथवा निजू नये. तेथे चोळू मात्र नये; चोळल्याने आतले दुखावलेले मांस आणखी फाटते.

*घड्याळ.* बिछान्यात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. कुशीवर अगदी उभे न निजविता पाठीमागे उशी देऊन किंचित, सुमारे तीस अंश, कलते ठेवावे म्हणजे खुब्यावर भार येत नाही. ज्यांना झेपते व डॉक्टरांची ना नाही त्यांनी पालथे निजण्याची सवय करावी. त्याने पाठीमागील सर्व जागांना विश्रांती मिळते. खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवावा. पूर्वी हातांवर जोर देऊन क्षणभर वर उचलण्यास सांगत. परंतु मोजमापांवरून असे दिसले आहे की, दबलेल्या मांसात प्राणवायू पूर्ववत होण्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. तितका वेळ हातांवर तोलणे कठीण, आणि खांदेही झिजतात. त्यापेक्षा छाती मांड्यांकडे नेऊन पुढे वाकावे, किंवा आधी एका व नंतर दुसऱ्या बाजूला कलावे, आणि दोन मिनिटे तसेच राहावे. माझ्या भावाने मोबाइलमध्ये वीस-वीस मिनिटांचा गजर लावला आहे. गजर झाला की तो दुकानाच्या टेबलावर पुढे ओणवतो. गिऱ्हाइकांनाही आता त्याची सवय झाली आहे.

*आसन.* चाकांच्या खुर्चीवर नुसत्या रेक्झिनवर कधीही बसू नये. गादी हवेची, जेलची किंवा चांगल्या स्पंजाची असावी, आणि शक्य असेल तर पुनर्वसन केंद्रात मापाने निवडावी. रोगी बसलेला असताना हवेची गादी व बूड यांमध्ये, बैठकीच्या हाडाखाली हात घालून पाहावा. हाड आणि तळ यांत अंतर राहिले पाहिजे. स्पंज बसला की गादी बदलावी. मध्ये भोक असलेली गोल रबरी चकती वापरू नये. तिच्या कडेच्या दाबाने मधल्या भागाचेच रक्त तुटते. टाचांखाली काही ठेवण्यापेक्षा पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात.

*कपडे आणि प्रवास.* मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या किंवा सुटे पैसे नकोत. जाड शिवणीची विजार नको. आपल्याकडील पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट कपडा रोग्याला घालू नये. शेक, गरम पाण्याची पिशवी, दुचाकीचा तापलेला सायलेन्सर, उन्हात तापलेले आसन यांपासून फार जपावे. भाजल्याचे त्याला कळणार नाही. बसच्या किंवा रिक्षाच्या आसनावरही स्वतःची गादी न्यावी.

*अन्न.* जखमेतून शरीरातील प्रथिने वाहून जातात. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे, ज्याच्या घरी जे चालते ते रोज पोटात जावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

*पुन्हा बसू लागताना.* जखम भरल्यावर पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे बसावे, मग निजून कातडे पाहावे. अर्ध्या तासात लाली गेली तर पुढे थोडा वेळ वाढवावा. न गेली तर मागे यावे. हा क्रम कित्येक आठवड्यांचा असतो. घरातील लग्न, सण, परीक्षा, दुकान यांच्यासाठी तो मोडू नये. जो मोडावयास सांगतो तो प्रेमाने सांगत असला तरी त्याचे ऐकू नये.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे?

कातडे फुटले, काळी खपली धरली, दुर्गंधी किंवा पू आला, ताप आला, आत हाड लागते असे वाटले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. हळद, राख, चुना, स्पिरिट यांपैकी काहीही खड्ड्यात भरू नये. ज्यांची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे त्यांना अशा व्रणामुळे एकाएकी डोके ठणकणे, चेहरा लाल होऊन घाम सुटणे आणि रक्तदाब भयंकर वाढणे असा प्रकार होऊ शकतो. तेव्हा त्यांना ताबडतोब उठवून बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी अडली आहे काय ते पाहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. वर्षानुवर्षे उघडी राहिलेली जखम क्वचित कर्करोगाचेही रूप घेते. म्हणून "ती आता अंगवळणी पडली" असे म्हणू नये. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून केंद्र आहे, आणि वेल्लोरही आपल्याला फार दूर नाही. एकदा तेथे जाऊन आसन, बसण्याची ढब आणि रोजची शिस्त शिकून येणे, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्यापेक्षा स्वस्त पडते.

समारोप

त्या तिसऱ्या जखमेनंतर आमच्या घरात एक गोष्ट बदलली. पूर्वी आम्ही त्याची निगा राखत होतो. आता तो राखतो आणि आम्ही मदत करतो. आरसा त्याच्या हातात, गजर त्याच्या खिशात, आणि "आता मी निजणार" हे सांगण्याचा अधिकार त्याचा. मागे एकदा उजव्या खुब्यावर डाग दिसला. ऐन हंगामात त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवले, त्या बाजूवर तसूभर भार येऊ दिला नाही. डाग गेला. दोन दिवसांची मिळकत बुडाली, पण पाच महिने वाचले. यालाच मी या विद्येतील उत्तीर्ण होणे म्हणतो.

शेवटी आपल्या ट्रस्टच्या सभासदांना एक विनंती. धर्मादाय कार्यात आपण चाकांची खुर्ची देतो तेव्हा फोटो निघतो, टाळ्या पडतात आणि देणाऱ्याला समाधान होते. परंतु झोळीसारख्या रेक्झिनची, गादी नसलेली खुर्ची ज्याला वेदना कळत नाही अशा माणसाला देणे म्हणजे एका हाताने चाके देऊन दुसऱ्या हाताने जखम देण्यासारखे आहे. यापुढे आपल्यापैकी कोणीही अशी खुर्ची देईल तेव्हा तिच्यासोबत एक चांगली गादी आणि दांड्याचा आरसा द्यावा, त्यांचा उपयोग अर्धा तास बसून समजावून सांगावा, आणि वर्षाने कोणीतरी त्या घरी जाऊन ती गादी हाताने दाबून पाहावी. खर्च थोडा वाढेल. पण एखाद्या घरातील पाच महिने, एखादे दुकान आणि एखाद्या मुलाची शाळा त्यातून वाचेल.